मामाच्या नावाचं पत्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईला तर नाहीच – ती गेली तेव्हाही नाही. मग तुम्हाला का? माहीत नाही. सांगतेय.

अनंतमामा, आईचा थोरला भाऊ, रत्नागिरीत आमच्याकडेच राहायचा. निवृत्त मास्तर, लग्न न केलेला. देव नाही, हे तो चारचौघांत सांगायचा आणि तिथल्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला लिहायचा. नवस, कौल, अंगात येणं – काही सोडलं नाही. कुणीतरी दारात हळदकुंकू लावलेला नारळ टाकला, तर त्याने तो फोडून आईला सोलकढी करायला लावली. अक्षर वाईट, म्हणून तो सांगायचा आणि मी लिहायची. एखादा शब्द बदलला की म्हणायचा, "सुमे, माझ्या तोंडचं लिही गो. तुझ्या मनातलं नको."

अठ्ठ्याण्णव साली त्याला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. समज मात्र लख्ख. आणि त्याच वर्षी लांज्याचं स्थळ सांगून आलं. मुलगा मला आवडला होता – फार. त्याच्या आईचा निरोप आला, मुलगी पसंत आहे, पण त्या मामाची भाची आमच्या देवघरात कशी वावरणार?

मी थांबू शकले असते. दुसरं स्थळ आलं नसतं का? आलंही असतं.

एका दुपारी, मामा पलीकडच्या खोलीत पडलेला असताना, मी त्याच्या नावाने पत्र लिहिलं. आजारपणाने माझे डोळे उघडले, देव आहे, आजवरचं सगळं लिखाण मी मागे घेतो – असं. मामाने खुणांनी सांगितलं, मी उतरवलं, असं सोबत कळवलं; अक्षर साप्ताहिकाच्या ओळखीचंच होतं. छापून आलं. लांज्याहून होकारही आला.

मग लोक यायला लागले. प्रसाद आणायचे, मामाच्या कपाळाला अंगारा लावायचे. तो डावा हात कसाबसा वर न्यायचा, पुसायला. लोक म्हणायचे, बिचारा हात जोडायला बघतोय.

पण मला सांगायचंय ते याच्याही पुढचं आहे.

साप्ताहिकाचे संपादक भेटायला आले. पत्र छापलेला अंक मामापुढे धरून त्यांनी विचारलं, "सर, हे तुमचंच ना?" उशाशी पाटी असायची, पाणी-बिणी हवं असलं तर खुणेला. मामाने ती ओढली. डाव्या हाताने, घामाघूम होत, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं – मी नाही.

संपादकांनी माझ्याकडे पाहिलं. मामानेही पाहिलं. तो वाट बघत होता – मी बोलेन म्हणून.

मी म्हटलं, "आता मी लिहिणार नाही, असं म्हणतोय."

मामाने पेन्सिल पुन्हा टेकवली. मी पाटी हातातून काढून घेतली. काढताना जोर लावावा लागला, इतकी घट्ट धरली होती त्याने. आईला सांगितलं, लिहिताना त्याला त्रास होतो. पाटी पुन्हा दिली नाही.

त्यानंतर तो तीन वर्षं जगला. माझं लग्न झालं. माहेरी गेले की मी त्याला भात भरवायची, आणि तो खायचा. माझ्याकडे न बघता.

शोकसभेत ते पत्र मोठ्याने वाचलं गेलं. मी पहिल्या रांगेत बसले होते. वाचून झाल्यावर सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.