पैलाडची हाक

तातूकाका घाड्यांच्या तोंडून 'गोवा' हा शब्द मी कधी ऐकला नाही. खाडीपलीकडचा मुलूख त्यांच्या लेखी फक्त 'पैलाड' होता. माझी सारी नोकरी ओरोसच्या सरकारी कचेरीत जमिनींच्या नकाशांत गेली. अगदी सुरुवातीला मी मोठ्या हौसेने एक नकाशा आणून त्यांच्या ओटीवर पसरला आणि खाडीच्या मधोमध गेलेली सरहद्दीची रेघ दाखवली. त्यांनी चष्मा पुसून ती नीट पाहिली आणि विचारलं, "सायबा, पाण्यार रेघ कोणी वडल्यान? बुडाक नाय तो?" तेव्हापासून मी त्यांचा 'सायबा' झालो तो कायमचा.

आमचं बंदर सरहद्दीवरचं. फिरंग्यांच्या काळात इथे चौकी होती. मीठ-सुपारी उतरायची, आणि जे उतरायला नको तेही उतरायचं. फिरंगी गेले, गोवा मोकळा झाला, मग बाटल्या यायला लागल्या. पुढे पूल झाला आणि होडी बंद पडली. आता निम्मं गाव सकाळी पलीकडच्या हॉटेलांत कामाला जातं आणि झोपायला तेवढं अलीकडे येतं. बंदरात गाळ भरलाय, तो काढायचा उत्साह कोणाला उरलेला नाही. मलाही नाही.

तातूकाका गावचे घाडी, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे. शिमगा सरला की एका दुपारी धक्क्यावर शिवेचं गाऱ्हाणं होई. गावाच्या शिवा राखणाऱ्या देवांची ते एकेक करून नावं घेत आणि आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणत असू. यातला शेवटचा राखणदार बसतो तो पैलाडी, एका काजऱ्याच्या झाडाखाली. फिरंग्यांचे पहारेकरी त्याच्यासाठी नारळ नेऊ देत नसत. तेव्हा कोणा पूर्वजाने ओहोटी लागताना नारळ पाण्यात सोडला आणि वळणावरच्या धारेने तो पलीकडे लावला. तिथे आमच्याच भाऊबंदांचं एक घर होतं. त्या घरचा माणूस नारळ उचलून राखणदारासमोर ठेवी आणि तोंडाशी हात धरून ओरडे, 'पावलो रे!' ती हाक आली की गाऱ्हाणं पुरं होई आणि गाव जेवायला बसे.

पहारेकरी गेले तरी नारळ पाण्यातूनच जात राहिला. पूल झाल्यावर देवस्थान कमिटीतल्या पोरांनी सुचवलं की मोटरसायकलवरून दोन मिनिटांत पोचवू. तातूकाकांनी त्यांना हाकलून दिलं. "दोन मिन्टांत पोचता तां पार्सल," असं ते नंतर कितीतरी दिवस येईल त्याला ऐकवत होते. ते स्वतः त्या पुलावर कधी चढले नाहीत.

मग एका वर्षी सावंतवाडीच्या स्टँडवर मला त्या पलीकडच्या घरातला मुलगा भेटला. घर विकलं होतं, बायकापोरांसकट तो वास्कोला निघाला होता. तातूकाकांना हे कसं सांगायचं ते तुम्हीच बघा, म्हणाला आणि बसमध्ये चढला. मी काय बघणार? ऐंशीच्या घरातला माणूस, गाऱ्हाण्याच्या दिवशी हाक येईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसे. त्या वर्षीच्या गाऱ्हाण्याला मी गुपचूप स्कूटर काढली, पुलावरून पलीकडे गेलो आणि विकलेल्या घराभोवती ठोकलेल्या पत्र्यांमागे उभा राहून ओरडलो, 'पावलो रे!'

एकदापुरतं म्हणून केलं ते सात वर्षं चाललं. निम्म्या वेळा नारळ काठाला लागतच नसे, सरळ समुद्रात जाई. गाऱ्हाण्याचा आवाज थांबला की मी मनात तीनशे मोजायचो आणि हाक द्यायचो. उन्हात गुडघे भरून येत. परत येईपर्यंत पंगत उठलेली असे. मी दर वर्षी नेमका कुठे गायब होतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण कोणी बोललं नाही. चोरट्या मालावर पोसलेल्या गावाला तोंड मिटून बसायला शिकवावं लागत नाही.

सातव्या वर्षी, त्याच दिवशी संध्याकाळी तातूकाका काठी टेकत माझ्याकडे आले. कुंकू लावलेला कोरडा नारळ त्यांनी माझ्या ओटीवर ठेवला.

"हो नारळ मी सोडूकच नाय," ते म्हणाले. "आणि तरी हाक इली."

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. शिव्यांची तयारी ठेवली होती. त्यांनी किती वर्षं ते विचारलं, मी सात म्हणालो.

"आणि उन्हात उभो रवतंस?"

"व्हय."

"दमलंस मां रे?"

या प्रश्नाची तयारी नव्हती. माझे डोळे भरून आले.

"मीव दमलंय," ते म्हणाले. "तुझो आवाज माका पयल्याच वर्सा कळलो. पण हाक इली काय बरा वाटा. औंदा देवाक फसवूक हात उचलाक नाय." उठताना त्यांनी मला बजावलं, की पुढच्या वर्षी पैलाडी जायचं नाही.

पुढच्या वर्षी मी धक्क्यावर सगळ्यांबरोबर उभा होतो. नारळ पाण्यात पडला. हाक आली नाही. कोणी हललं नाही, चुलाण्यावरचा भात निवत राहिला. तासाभराने तातूकाकांनी हात जोडले. गाऱ्हाण्याचा सूर नव्हता, घरात बोलावं तसं ते बोलले.

"म्हाराजा, पैलाडी आता कोण नाय."

"व्हय म्हाराजा," सगळं गाव सवयीने म्हणालं. मीही म्हणालो. म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते आम्हाला कळलं आणि माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली.

तातूकाका वळले, "जेवा," म्हणाले आणि न जेवता एकटेच घराकडे चालू लागले. त्या भाद्रपदात ते गेले.

त्या दुपारी मी त्यांच्या मागून जायला हवं होतं. पण सात वर्षांनी पहिल्यांदा पंगतीला बसायला मिळत होतं, आणि मला खरोखरच भूक लागली होती.