लुर्दिन टीचरनी दुरुस्त केलेला प्रश्न

आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जायची तेव्हा तिच्या बोटांवर कातडी टिकत नसे. सालातलं तेल हात खातं. रेशनच्या दुकानातलं मशीन तिचा अंगठा ओळखायचं नाही. मग दुकानदार सगळ्यांसमोर तिला बोटं पदराला घास, पुन्हा ठेव, असं करायला लावायचा आणि रांगेतली माणसं हसायची. बाबा त्याच्या आदल्या मोसमात दुसऱ्याच्या आंब्याच्या कलमावरून पडले होते. कंबर गेली ती गेलीच. भातशेतीचे दोन लहान तुकडे, कुणगे, होते, ते आई आणि मी लावायचो. कॉलेज पाहिलेलं माणूस आमच्या घरात नव्हतं. बाबांची शाळा सातवीत सुटली, आईची त्याच्याही आधी. कुणाला दया यावी म्हणून हे लिहीत नाही. आमच्या शाळेतल्या लुर्दिन टीचर कुठल्या घरात येऊन उभ्या राहिल्या ते कळावं म्हणून लिहिते.

गेल्या महिन्यात फोन आला तो आईचाच. "टीचर गेली गो," म्हणाली. मग म्हणाली, "गोव्याक व्हरत होते. बांद्यापर्यंतसुद्धा पोचाक नाय." छातीत दुखलं की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला अजूनही गाडीत घालून राज्याची हद्द ओलांडायची वाट बघावी लागते. त्यावर बोलायला बसले तर ही जागा पुरायची नाही. आज मला सांगायचंय ते शोकसभेबद्दल.

सभा शाळेच्या सभागृहात झाली. टीचरच्या फोटोला झेंडूचा हार, पुढे समई. चेअरमन बोलायला उठले. गावात त्यांना सगळे चेअरमनच म्हणतात. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष तेच आणि गावच्या देवळातले मानकरीही तेच. एरवी मालवणीत बोलणारा हा माणूस माईक हातात आला की छापील मराठी बोलतो. म्हणाले, "लुर्दिन टीचरनी आयुष्यात एकाही मुलाला नाही म्हटलं नाही. त्यांनी प्रत्येकाला पंख दिले." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी माझी वर्गमैत्रीण सुषमा बसली होती, आता कुडाळला नर्स आहे. डोळे पुसता पुसता ती माझ्या कानात म्हणाली, "माका तर तोंडार सांगल्यान, गणितात तुजा काय होवचा नाय, माणसां सांभाळूक शीक."

खोटं होतं ते भाषण. टीचर रोज कुणा ना कुणाला नाही म्हणायच्या. ज्याला जमत नाही त्याला जमत नाही म्हणून सांगायच्या, आणि काय केलं तर जमेल तेही सांगायच्या. पेपरात चुकलेल्याला नापास करायच्या. शाळेचा निकाल खाली दिसतो म्हणून याच चेअरमननी त्यांच्याकडचं दहावीचं इंग्रजी काढून घेतलं आणि त्यांना पाचवीच्या वर्गावर बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या. भाषणात हे आलं नाही. येणार कसं?

मी बारावीला होते तेव्हा चेअरमननी शाळेत मार्गदर्शन शिबिर भरवलं. त्यांचा पुतण्या कणकवलीला क्लास चालवायचा, तो लॅपटॉप घेऊन आला. देशातल्या नावाजलेल्या विद्यापीठांत आपल्याला प्रवेश मिळण्याची शक्यता किती, ते म्हणे तो मशीनवर काढून देणार होता. मी बंगळूरच्या एका विद्यापीठाचं नाव सांगितलं. मला अर्थशास्त्र शिकायचं होतं आणि तिथे निवड झाली तर राहण्या-जेवणाची सोयही तेच करायचे, असं टीचरकडून कळलं होतं. त्यानं टाइप करायला घेतलं. माध्यम कुठलं, गाव कुठलं, वडील किती शिकले, आई काय करते. माझे गुण त्यानं सगळ्यात शेवटी विचारले. पडद्यावर लाल अक्षरांत आलं, "अत्यल्प". मग तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. अशा बॅकग्राउंडची मुलं इंटरव्ह्यूत टिकत नाहीत. इथेच काहीतरी बघा." रेशनच्या दुकानात हसणारी माणसं निदान उघड हसायची.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, देवाला विचारू. आमच्याकडे विहीर खणण्यापासून सोयरीक जुळवण्यापर्यंत सगळं देवाला कौल लावून विचारतात. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या, मानकऱ्यानं गाऱ्हाणं घालून प्रश्न सांगायचा. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं चेअरमननी घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या शांतारामाच्या चेडवाक त्या मोठ्या विद्यापीठात प्रवेश गावाचो आसात तर उजवी दी, नसात तर डावी." डावी पडली. चेअरमननी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, सुटका होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पोरीला लांब न पाठवायची जबाबदारी देवानं स्वतःवर घेतली होती, आता कुणाला काही बोलायची जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात टीचर छत्री घेऊन आमच्या खळ्यात हजर. गळ्यात क्रूस, पायात रबरी चपला. बाबांनाही त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे बसा-उठा काही नाही.

"शांताराम, काय विचारलंस रे देवाक?"

बाबांनी सांगितलं.

"तुका वर्गात काय शिकवलंय मी? प्रश्न चुकलो काय उत्तर उपयोगाचा नाय. पेपर तपासणारो बंगळुराक बसलोहा. तेचा काम देवाक कित्याक सांगतंस?" टीचर थांबल्या नाहीत. "आणि देवान खोटा नाय सांगल्यान. आज बसली तर नायच गावाचा. हिचो इंग्लिश निबंध वाचून माझा कपाळ दुखता."

बाबा म्हणाले, एकदा विचारलेलं देवाला परत विचारत नाहीत. तशी रीतच नाही.

"तांच विचारू नको. गावतला काय, ता सोड. हिणे परीक्षेक बसाचा काय नाय, इतक्याच विचार."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, आवशीक समजाव, काजूबियेचा दर बागायतदार ठरवतो की कारखाना. मी आईला मालवणीत सांगायला लागले. आई कारखान्यातली, ती ऐकून घेते होय? मधेच म्हणाली, दर दोघंही ठरवत नाहीत, बाहेरच्या देशातून बी येते ती ठरवते, तुझ्या पुस्तकात हे नाही काय? मी आईचं म्हणणं धरून पुन्हा पहिल्यापासून मांडलं. टीचर मान तिरकी करून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "समज आसा. भाषा नाय. भाषा शिकान येता." मी विचारलं, माझे चान्स किती? कुणी मोठं माणूस अशा वेळी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवतं. टीचर म्हणाल्या, "पयल्या खेपेक कमी. दुसऱ्या खेपेक बरे."

त्या लॅपटॉपवाल्यानं माझी आई काय करते ते टाइप केलं होतं. टीचरनी माझ्या आईला बोलतं केलं आणि मी तिचं ऐकते की नाही ते बघितलं. चान्स काढणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या वेळी बाबा काठी टेकत स्वतः उभे राहिले आणि गाऱ्हाणं त्यांनीच घातलं. प्रश्न वेगळा होता आणि चार माणसं ऐकत होती, त्यामुळे चेअरमनना नाही म्हणता येईना. टीचर देवळाबाहेर दीपमाळेपाशी थांबल्या होत्या. कळ्या बराच वेळ हलेनात... मग उजवी पडली. बाबा बाहेर आले, म्हणाले, "उजवी." टीचर म्हणाल्या, "बघलंस? नीट विचारला काय देव नीट सांगता." छत्री उघडून त्या चालू पडल्या.

त्यानंतर त्यांनी माझी जी हजेरी घेतली ती मी विसरणार नाही. प्रत्येक गोष्ट आधी मालवणीत सांगायची, मग इंग्रजीत. मोठा शब्द वापरला की "ह्याचो अर्थ काय? तुका म्हायत नाय तर तेका कसो कळतलो?" परीक्षेचं केंद्र गोव्यात होतं, तर म्हापशाला भाचीकडे माझी सोय त्यांनीच केली. आणि पहिल्या खेपेला, त्यांनी सांगितलं होतं तसंच, माझं नाव यादीत नव्हतं.

चेअरमन मुद्दाम घरी आले. समजुतीच्या सुरात म्हणाले, देवानं आधीच सांगितलं होतं, आता पोरीचं वय वाया घालवू नकोस. त्यांच्यासमोर आजवर आवाज न काढलेले माझे बाबा पडवीत भिंतीला टेकून बसले होते. तिथूनच म्हणाले, "पयल्या कौलात देवान सांगल्यान ता बरोबर. दुसऱ्या कौलात बसाक सांगल्यान. किती वेळा बसाचा ता खंय सांगल्यान?" चेअरमन चहा न घेता गेले. टीचरना हे कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. म्हणाल्या, "सातवीत सोडल्यान शाळा. वकील झालो असतो मेलो."

शोकसभेत शेवटी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. शाळेचं नाव काढलेली विद्यार्थिनी म्हणून. मी बोलले. टीचर नाही कशा म्हणायच्या ते सांगितलं, दहावीचा वर्ग काढून घेतल्याचं सांगितलं, लाल अक्षरांतलं "अत्यल्प" सांगितलं. सूत्रसंचालकानं वेळ संपल्याची खूण केली. मी बोलत राहिले. चेअरमन फोटोकडे बघत बसले होते. सभा संपल्यावर एक-दोघे म्हणाले, अशा प्रसंगी हे बोलायला नको होतं. मग कधी बोलायचं? त्या जिवंत होत्या तेव्हा तर त्यांना मंचावर कुणी बोलावलं नव्हतं.

तिथून मी टीचरच्या घरी गेले. म्हापशाची भाची आवराआवर करत होती. पडवीत टीचरची वेताची खुर्ची आणि तिच्यासमोर शिकणाऱ्यानं बसायचं लाकडी स्टूल, पाठ नसलेलं. माणसाला टेकायला मिळालं की ते ऐकायचं थांबतं, असं टीचरचं मत होतं. भाचीनं विचारलं, "व्हरतंय काय गो ह्या?" मी आधी त्यावर बसले. पाठ आपोआप ताठ झाली. समोरची खुर्ची रिकामी होती. मग उठले आणि स्टूल घरी न्यायला उचललं.

दुसऱ्या खेपेला माझी निवड झाली. मी त्या विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर आहे.