खंडेनवमीचा लॅपटॉप
खंडेनवमीला झेंडूचा वास आला की मला नगर रस्त्यावरचं एक लिंबाचं झाड आठवतं. आम्हा कारखान्यातल्या माणसांच्या घरी त्या दिवशी अवजारं पूजेला मांडतात, आणि त्या वर्षी मी लेकीचा लॅपटॉपही पाटावर ठेवला होता. "बाबा, जेमतेम बॅटरी उरलीय, रात्री चार्ज तरी करू द्या. उद्या वाटेत परीक्षा आहे माझी," ती म्हणाली. परीक्षा नोकरीची होती, ऑनलाइन. परदेशी कंपनीला कुठला दसरा. "पूजेतलं अवजार हलवायचं नाही. गाडीतल्या सॉकेटला इन्व्हर्टर लावलाय दीडशे वॅटचा, तुझा लॅपटॉप पासष्टचा, त्यावर आरामात चालेल," मी हिशेब सांगितला. दुसऱ्या दिवशी गावी निघालो. परीक्षेच्या वेळी गाडी लिंबाखाली घेतली, तिला आवाज नको म्हणून इंजिन बंद केलं आणि बाहेर राखण करत उभा राहिलो. बायको पलीकडच्या हॉटेलात चहा आणायला गेली. थोड्या वेळाने लेकीने काचेआडून हात हलवला. कॅमेऱ्यासमोरून तिला उठता येत नव्हतं. पेपर सोपा असावा असं समजून मी अंगठा दाखवला. मग ती बंद पडलेला लॅपटॉप मिटून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, किल्ली काढली की सॉकेट बंद होतं हो." किल्ली माझ्या खिशात होती. तेवढ्यात बायकोने चहा आणला. "झाला का गं पेपर?" "रेंज गेली, आई," लेक म्हणाली, आणि मी मान डोलावली. आता तिला दुसरीकडे चांगली नोकरी आहे. बायको मात्र अजून त्या मेल्या रेंजला शिव्या घालते, आणि मी अजून गप्प बसतो.