पांगाऱ्यातला हरेवा

आई गेल्यावर मी आप्पांना शहाद्याकडच्या गावातून तोरणमाळला माझ्याकडे आणलं. मी इथे आरोग्य केंद्रात नर्स. काचबिंदूने आप्पांची नजर गेलेली, उजेड-अंधार तेवढा कळायचा. दिवसभर ओट्यावर बसून राहत. विचारलं तरच बोलत.

फाल्गुनात समोरचा पांगारा फुलला आणि सकाळी त्यातून आवाज येऊ लागले. आधी बुलबुल, मग कोतवाल, मग चक्क शिकारी शिक्रा. झाडाखाली गेले तर यातलं कोणीच दिसेना. शहाद्याच्या एका पक्षीमित्राला फोनवर आवाज पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "बुलबुल आहे."

मी आप्पांना म्हटलं, "तीन-चार पक्षी शेतस, पण दिसत नैत."

"एकच शे," आप्पा म्हणाले. "नक्कल करी ऱ्हायना."

"तुम्हले कसं समजनं?"

"तीन ऱ्हातात तं एकमेकना मधमा बोलतात. हाऊ एक सरनं का दुसरं चालू करस." मग ते हसले. "तुन्ही माय बी गल्लीन्या बायास्ना असाच आवाज काढे."

आई गेल्यापासून त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक हिरवा पक्षी फुलात चोच घालताना दिसला. पानात बसला की पानच वाटे. पुस्तकात 'हरेवा' सापडला, पण चित्रातल्या पक्ष्याचा गळा काळा होता आणि याचा फिकट निळसर. हा तो नव्हे, म्हणून मी ते पान उलटलं. पुढे आठ दिवस ड्यूटीला जाण्याआधी पुस्तक चाळत होते. आप्पा रोज विचारत, "मिळना का?"

नवव्या दिवशी त्याच फांदीवर दोघं दिसले. निळसर गळ्याची गप्प होती. शेजारचा, काळ्या गळ्याचा, बुलबुलाचा आवाज काढत होता. पुस्तकात फक्त नराचं चित्र छापलं होतं. मी आठ दिवस मादी बघत होते!

मी धावत ओट्यावर आले आणि सगळं सांगितलं. आप्पांनी आपल्या गळ्यावर बोट ठेवलं.

"काळा कोठपर्यंत शे?"

मी त्यांचं बोट धरून हनुवटीपासून खाली गळ्यापर्यंत फिरवलं.