वीस पायडलांचा उन्हाळा

समस्त सायकलस्वार, पादचारी आणि शंकेखोर नागरिकांस जाहीर कळविण्यात येते की, कोल्हापूरच्या एका आडरस्त्यावर ऐन पौषात, सकाळी साडेसहाच्या सुमारास, वीस पायडलं मारेपर्यंत उन्हाळा असतो. हा शोध मी स्वतः लावलेला आहे.

मी फौंड्रीच्या स्टोअरमध्ये कामाला आहे. पहिली पाळी सातची. हायवेला न लागता मी उसामधल्या जुन्या रस्त्यानं सायकलवर जातो. वाटेत ओढ्यावर एक ठेंगणा पूल आहे. थंडी तिथं मुक्कामालाच असते. कान जातात, बोटं जातात, नाक आहे की नाही ते चाचपून बघावं लागतं. पुलानंतर चढ. आणि चढ संपता संपता, एका चिंचेपासून पुढं, अंगावर एकदम ऊबदार हवा येते. म्हशीनं जवळून श्वास सोडावा तशी. वीस पायडलं, की पुन्हा गारठा.

पहिल्या दिवशी वाटलं, भास असेल. दुसऱ्या दिवशी हातमोजा काढून बघितलं. तिसऱ्या दिवशी घरातला ताप बघायचा थर्मामीटर नेला. माणसाच्या अंगापेक्षा गार असं काही जगात असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे तो गप्प राहिला. मग सायकल चिंचेला टेकवून आसपास हिंडलो. गोठा नाही, भट्टी नाही, गुऱ्हाळ नाही. नुसता ऊस. एक कुत्रं होतं, तेही नेमकं त्या वीस पायडलांच्या आतच झोपलेलं. मला तो भक्कम पुरावा वाटला.

फौंड्रीत सांगितलं, तर मोल्डिंगवाला हळूच म्हणाला, "काका, खाली कुणाची तरी समाधी असंल. चप्पल काडून जावा." लेथवरचा मात्र खवट. "कसली समाधी न् कसलं काय! चढ चढून तुमचंच इंजान तापतंय की."

हे मला लागलं. कारण ते खरं असू शकत होतं.

घरी बायको टपलेलीच होती. "पन्नाशी उलटली तुमची. थंडीत सायकल मारून डोस्कं गारठलंय, म्हणून रस्त्यात उन्हाळा सापडाय लागलाय. ती सायकल भंगारात घाला न् स्कूटरवरनं जावा."

ही सायकल लग्नाच्या आधीपासून माझ्याकडे आहे. मी विचारलं, "आणि तुला पण ऊब लागली तर?"

"तर ऱ्हाऊ दे सायकल. न्हाय लागली, तर रविवारीच भंगारवाल्याला हाक मारायची."

ठरलं. लेथवाल्याची शंका फेडायची तर पायडल न मारणारा माणूस हवा, आणि कॅरिअरवर तो आयताच मिळत होता. रविवारी साडेसहाला बायको स्वेटर, वरून शाल, डोक्याला मफलर अशा बंदोबस्तात मागं बसली. डोळे मिटायचे आणि ऊब लागली की बोलायचं, एवढंच तिचं काम.

पुलावर ती "आई आई गं!" म्हणून ओरडली. इथवर आमचं एकमत होतं. मग चढ आला. तिच्या वजनाचा विषय मी काढणार नाही. तो चढानं काढला. चिंच आली तेव्हा माझ्या छातीचा भाता झाला होता. आता माझं स्वतःचं मत मोजण्यात अर्थच नव्हता.

एक, दोन, तीन... आठ, नऊ.

"लागतंय का काही?"

"पुढं बघून चालवा."

बारा. तेरा. मला भंगारवाल्याचा हातगाडा दिसायला लागला आणि त्यावर आडवी पडलेली माझी सायकल. मागं वळून बघावं तर दोघंही उसात जायचो. सोळा. सतरा.

तेवढ्यात समोरून दुधाचे कॅन लटकवलेली मोटरसायकल आली. दूधवाल्यानं तोंडावरचा टॉवेल खाली ओढला, माझ्या मागं डोळे फाडून बघितलं आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडला,

"ओ वैनी! आमी काकडून मराय लागलोय, न् तुमी मफलर सोडून, शाल काडून बसलाय व्हय?"