आधीचा डॉक्टर

आम्ही जुने डॉक्टर जमलो की किस्से निघतातच. बाकीच्यांच्या किश्शांत पेशंट वेडे असतात, माझ्या किश्शांत मीच! नव्वदच्या दशकात मी कडेगावकडच्या एका सरकारी दवाखान्यात एकटाच डॉक्टर होतो, तिथल्या दोन वर्षांतले हे.

मला माणसांशी गप्पा मारता येत नाहीत. लहानपणापासून नाहीत. नोकरीवर निघताना आमचे सर म्हणाले, "अरे, पेशंटसमोर जरा हसत जा. तुझ्या तोंडाकडं बघून धडधाकट माणूस आजारी पडेल!" म्हणून मी सरांचंच हसू उचललं. क्वार्टरमध्ये रोज सकाळी आरशासमोर दहा मिनिटं प्रॅक्टिस! आठवड्याभरात शिपायानं लोंढे सिस्टरना हळूच विचारलं, "डाक्टरांकडं पावनं आल्यात व्हय? सारखं हासाय ऐकू येतंय."

पाहुणे दोन वर्षांत कोणी आले नाहीत.

*

गप्पांसाठी मी प्रश्न पाठ केले होते. सगळ्यात हुकमी म्हणजे, "ऊस गेला का?" कारखान्याला ऊस घालणाऱ्या त्या भागात कुणालाही चालतो. एकदा बाळंतपणाच्या टेबलावर कळा देणाऱ्या बाईलाही विचारला! ती ओरडली, "आवं, ऊस जाईल कवाबी! आदी ह्ये बाहीर काडा!"

मुलगी झाली. सव्वातीन किलो.

*

ट्यूबलाइटची गुणगुण आणि व्हरांड्यातला गलका मला सोसायचा नाही. दुपारी मी औषधांच्या खोलीत दिवा न लावता बसायचो. एकदा जिल्ह्याचे साहेब अचानक आले. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर स्टॉक तपासतायत."

"अंधारात?"

"पाठ आहे त्यांना!"

साहेबांनी वहीत शेरा मारला, 'उत्तम.' मी आत का बसतो, हे सिस्टरनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

*

हसून हसून मी पार संपलो होतो, गड्यांनो. रोज एवढी माणसं भेटायची आणि मला ओळखणारं त्यात एकही नाही! शेवटी राजीनामा लिहून खिशात घातला. त्या सकाळी हसू काही निघेना, पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. समोर माणदेशातला एक म्हातारा मेंढपाळ येऊन बसला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला जखम. आधी माझ्याकडेच तीन-चारदा येऊन गेलेला.

मी एक अक्षर न बोलता जखम धुतली. बोटं एकेक करून हलवून बघितली. त्यालाही बोलायची घाई नव्हती. कितीतरी महिन्यांनी मला बरं वाटत होतं.

पट्टी झाल्यावर म्हातारा म्हणाला, "तुमचा हात लय चांगला हाय. आदीचा डाक्टर नुसता ग्वाड बोलायचा, ध्यान न्हवतं त्येचं. बदली झाली व्हय त्येची?"

"झाली," मी म्हणालो. "आजच."