यंदा दसरू मरणार का?

दसरू गुरनुले ज्या गावात मरतो, त्या गावातलं एक म्हातारं माणूस आठवडाभरात त्याच्या मागोमाग जातं, असं आमच्याकडे बोललं जायचं. मोठ्यानं नाही. पानठेल्यावर, हातपंपावर, धानाच्या बांधीत वाकल्यावाकल्या. आणि प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला, दसरूला दुसऱ्यांदा मरावं लागलं, तर एक नाही, दोन जातात.

नव्या माणसाला जरा उलगडून सांगतो, नाहीतर आम्हा गावकऱ्यांना वेड लागलंय असं वाटायचं. दसरू आमच्या गावचा. दोन एकर धान, एक बैलजोडी, घरात म्हातारी आई, आणि दिवाळी ते होळी वडशाच्या एका नाटक कंपनीत नट. आमच्या झाडीपट्टीतलं, चंद्रपूर-गडचिरोलीकडचं नाटक म्हणजे दोन तासांत आटोपून घरी जेवायला जाण्याचा प्रकार नव्हे. रात्री सुरू होतं ते कोंबडा आरवेपर्यंत चालतं. समोर ऑर्गन, तबला, ढोलकी. गाणी नट स्वतः गातात. गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, असली की घरोघर पाहुणे, लेकी-जावई, कोंबड्यांचा संहार, आणि पहाटेपर्यंत दोन-चार सोयरिकी जुळलेल्या. त्या एका रात्रीसाठी गाव वर्षभर जगतं म्हणा ना.

दसरूचं काम ठरलेलं. नाटकं दरवर्षी बदलतात, दसरूचं मरण बदलत नाही. तिसऱ्या अंकात तो कोणाचातरी बाप असतो आणि लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून अख्खं गाणं म्हणतो. शेवटच्या ओळीला त्याचा श्वास अडकतो, बोटं गोधडीचा काठ चाचपू लागतात, काहीतरी हरवल्यासारखी. मग मान कलते. चार हजार माणसं धाय मोकलून रडतात आणि रडतारडताच ओरडतात, "वन्स मोअर!" मेलेला दसरू उठून बसतो, ऑर्गनवाल्याला खूण करतो आणि पुन्हा पहिल्यापासून मरतो. झाडीपट्टीत रसिकांपुढे यमाचंसुद्धा चालत नाही.

हे मरण आमच्या गावानं एकाच रात्री पाहिलं, नऊ वर्षांपूर्वी, वन्स मोअरसकट; दोनांचा हिशोब तेव्हा निघाला नव्हता. त्याच आठवड्यात मंगरू कोतवाल गेला. झालं, तिथून बोलणं सुरू. मग सावलीकडच्या एका गावात एक आजी गेली. सिंदेवाहीकडे वन्स मोअर झाला आणि म्हातारा-म्हातारी जोडीनं गेली. म्हातारी चार महिने खाटेवर होती आणि म्हातारा तिच्या हातचं नसेल तर पाणीही पीत नव्हता, हे सांगणाऱ्याला आमच्या गावात कोणी चहा पाजत नाही. तेव्हापासून मंडईला आम्ही दुसऱ्या कंपन्या बोलावल्या. दसरू बाहेरगावी मरायचा आणि सकाळी परत येऊन बैलांना चारा टाकायचा. सगळं ठीक चाललं होतं.

यंदा आदेशनं घोळ केला. आदेश म्हणजे आमच्या नाट्यमंडळाचा अध्यक्ष. वय पंचवीस, अक्कल त्याहून लहान. पोळा झाल्याबरोबर गाडी काढून वडशाला गेला आणि कोणाला न विचारता दसरूच्याच कंपनीचा खेळ मंडईसाठी ठरवून आला. येताना पोस्टरही घेऊन आला. मधोमध नायिका, कोपऱ्यात डोळे मिटलेला दसरू.

मारोतीच्या पारावर म्हाताऱ्यांची बैठक बसली. मध्यभागी लटारूभाऊ, गावात सगळ्यांत म्हातारे. त्यांचं वय त्यांनाही ठाऊक नाही. इंग्रजाचा साहेब पाहिलाय म्हणतात, पण तो साहेब दर वेळी वेगळाच असतो.

"काऊन रे आदेश, तुले दुसरं नाटक नाई भेटलं?"

"आजा, आपल्या गावचा नट अन् आपल्याच गावात नाई? बाहीरचे लोकं हासून राह्यले."

"बाहीरचे हासून राह्यले, म्हून आमी मराचं?"

"कोनी मरत नाई, आजा. हे सारं अंधश्रद्धा होय."

"होय ना. मंगरूले इचारून ये बरं, अंधश्रद्धा होय का ते."

लटारूभाऊंनी बिडी विझवली. "पोरा, मले मराची भीती नाई. पन उद्या तेरवीले बसलेले इचारतीन, लटारू कायनं गेला? ताप नाई, साप नाई, वाघ नाई. नाटकानं गेला! अन् हासतीन ना गा जेवताजेवता."

मग एकेकानं तोडगे काढले. बापाला मारू नका, जेलात पाठवा. काशीला पाठवा. निदान बेशुद्ध करा. आदेशनं कंपनीचे मालक चंदनशेठ यांना तिथूनच फोन लावला आणि आवाज मोठा करून मोबाईल पारावर ठेवला. शेठ ऐकून घेत होते तोवर बरं होतं.

"बेशुद्ध?" शेठ म्हणाले. "बेशुद्ध मानसासाठी कोन रडते गा? लोकं माह्याकडं रडाले येतेत. दसरूभाऊ मरत असन त ठीक, नाईतं मी दुसरा गडी पाहतो. अन् एका रात्रीसाठी नाई पाहात मी. साऱ्या हंगामासाठी पाहतो."

कोपऱ्यात दसरू उभा होता, बैल घेऊन चाललेला. त्यानं ऐकलं आणि बैलांना हाकलत निघून गेला.

शेवटी तोड निघाली ती एवढीच: वन्स मोअर बंद. खेळाआधी लाऊडस्पीकरवरून सांगायचं, 'कृपया कोणीही वन्स मोअर देऊ नये, गावात वयस्कर माणसे आहेत.' एकावर भागवा, दोन नकोत. पण तो एक कोण, याचा विचार ज्याच्या-त्याच्या पोटात सुरू झाला. लटारूभाऊंनी बिडी सोडली. सत्तरी गाठलेली माणसं सकाळी उठून फिरायला लागली. दसऱ्याच्या सोन्याला पाया पडायला आलेल्या पोरांच्या तोंडाकडे म्हातारे असे बघत, की हा शेवटचा नमस्कार तर नव्हे? मंडईला पाहुणे गावात येतात ही रीत. यंदा दोन म्हाताऱ्या उलट लेकीकडे निघून गेल्या. एक चंद्रपूरला, एक आलापल्लीला. बसस्टँडवर त्यांना पोचवायला गेलेली माणसं हसत होती, पण हसणं ओठांच्या वरच होतं.

मी हसतोय असं तुम्हाला वाटत असेल. पण सगळ्यांत भ्यालेला माणूस पारावर नव्हताच. तो दसरू होता.

धान कापताना त्याचं गाणं माझ्या बांधीपर्यंत ऐकू यायचं. तालीम करायचा तो. आवाज असा, की विळा थांबायचा. पण शेवटच्या ओळीपाशी तो तुटायचा. अडकून नाही, मुद्दाम. एकदा, दोनदा, रोजच. मी बांधावर जाऊन विचारलं, "दसरू, शेवट काऊन खाते बे?"

त्यानं विळा खाली ठेवला. "गावाच्या शिवेत नाई म्हनत मी ते. वडशाले गेलो का म्हनतो."

"तूबी मानते हे?"

"कुठी खेळ झाला ना भाऊ, का आठ दिसानं मी फोन करतो त्या गावात. वळखीच्याले. इचारतो, सारे बरे हाये ना म्हून." तो हसला, पण विचित्र. "नऊ वरसं झाले. अजूनबी देवाचं नाव घेतल्याबिगर फोन लावत नाई."

मी काहीतरी चावट बोलून त्याला हसवणार होतो. पण तेवढ्यात त्याच्या घराकडून खोकला ऐकू आला. कमळाबाईचा, त्याच्या आईचा. दसऱ्यापासून तिला खोकला धरला होता. दसरूची मान अशी वळली, जशी वाघाच्या वासानं बैलाची वळते. लटारूभाऊंच्या खालोखाल गावात वय कोणाचं, हे मला त्या क्षणी सुचलं. त्याला कधीचं सुचलं होतं.

वडशातली तालीम त्याच्यानं निभेना. सोबतचा एक नट सांगत होता, की गाण्याच्या शेवटी हा पोरीच्या मांडीवरून झटकन उठतो, घामानं ओला. चंदनशेठ ओरडतात, "दसरूभाऊ, मर ना नीट!" हा पाणी मागतो. घरी आला की आधी आईच्या खोलीत डोकावतो, मग चप्पल काढतो. जेवताना आईनं घास गिळेपर्यंत याचा हात ताटात थांबलेला. काम सोडावं, तर अख्खा हंगाम हातचा जातो. आणि नटाला एक हंगाम घरी बसवलं की लोक त्याचं नावही विसरतात. काम करावं, तर ती खोकणारी म्हातारी.

त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये कुडाची भिंत आहे, एकच. बांबूच्या भिंतीतून जे ऐकू येतं ते चोरून ऐकलं असं होत नाही, असं माझं ठाम मत आहे. एका दुपारी कमळाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. दसरू येऊन बसला.

"माय, दिवाळी झाली का तू बल्लारपूरले जाय. ताईकडं."

"मंडईले? मंडईले लेक माहेरी येते रे. माय लेकीकडं जाते का कुठी?"

"हवा बदलन. खोकला हाये तुले."

"शहराच्या धुरानं खोकला बरा होते, हे कोन्या डॉक्टरनं सांगतलं तुले?"

सूप थांबलं.

"मी मरीन म्हून पाठवून राह्यला ना?"

पलीकडे दसरू रडत होता. स्टेजवर त्याला हजार वेळा रडताना ऐकलंय. हे तसं नव्हतं, याला सूर नव्हता. "मले भेव लागते, माय. शेवटची ओळ आली का पोरीच्या जागी मले तूच दिसते. काम सोडतो त शेठ हंगामभर घेत नाई. नाई सोडलं अन् तुले काई झालं त?"

"काई होत नाई. तसं काई नसते."

"तुले काय माहीत?"

"मलेच त माहीत हाये."

मग बराच वेळ नुसता खोकला. तो थांबल्यावर ती म्हणाली, "तुले मराचं कोनं शिकवलं रे?"

"कोनी नाई."

"तो अडकनारा श्वास कोनाचा होय? अन् गोधडी चाचपनारे बोटं?"

तीच पुढे बोलली. "बैलबंडीत, माह्या मांडीवर गेला तुहा बाप. चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचाच्या आदी. तू पुढं बसला होता कासरा धरून. मले वाटलं, पोरगा समोर रस्ता पाहून राह्यला. तू त मागं पाहून राह्यला होता."

"माय, मले दुसरं मरनं येतच नाई. पाह्यलं तेच केलं."

"तुहा बाप एकदा मेला, दसरू. तू त्याले माह्यासमोर दोनदा मारला, अन् साऱ्या गावानं टाळ्या देल्ल्या."

यानंतर त्या घरातून दिवे लागेपर्यंत काही ऐकू आलं नाही. माझ्या बायकोनं मला भिंतीपासून ओढून नेलं हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं दसरू वडशाला गेला. चंदनशेठना म्हणाला, बाप नको, दुसरं काहीही द्या, नाहीतर चाललो. शेठनी आधी शिव्या घातल्या, मग हात जोडले, मग पुन्हा शिव्या. शेवटी दारूभट्टीवाल्या खलनायकाचं काम दिलं, तेही निम्म्याच गावांपुरतं. बाकी रात्री घरी बस म्हणाले. बापाचं काम ब्रह्मपुरीकडच्या एका नव्या पोराकडे गेलं. तो छातीवर हात ठेवून मरतो. पाहणारे सांगतात, कोणाच्या डोळ्यांत टिपूस येत नाही.

गावात पोस्टरवरच्या दसरूच्या चेहऱ्यावर नव्या पोराचा फोटो चिकटवला. लटारूभाऊंनी त्याच संध्याकाळी बिडी पेटवली. चंद्रपूरवाली म्हातारी परत आली, आलापल्लीवालीचं येणं अजून पक्कं नाही. दसरूनं काम काऊन सोडलं हे कोणी विचारत नाही; सुटलो म्हणतात.

दसरू मात्र अजून भ्यालेलाच आहे. जन्मात कोणावर हात उचलला नाही, आता तीन अंक गुंडगिरी करायची. बांधीत बैलांवर डोळे वटारून तालीम करतो, बैल शांतपणे रवंथ करतात. मंडई चार दिवसांवर आली. कमळाबाईनं सांगून ठेवलंय, माझी सतरंजी पुढच्या रांगेत टाका, या वेळी मी उजाडेस्तोवर बसणार.

आता खरं काय ते. मंगरू कोतवाल दम्यानं गेला. बाकीचे म्हातारपणानं आणि थंडीनं गेले. नाटकांचा हंगाम थंडीत येतो आणि म्हातारी माणसं थंडीतच जास्त जातात. दसरू मेला की गावातला एक जातो, हे पहिल्यांदा बोलली ती कमळाबाई, मंगरूच्या मौतीच्या दुसऱ्या दिवशी, हातपंपावर. दसरूचं ते मरण गावात परत येऊ नये म्हणून.